दरीच्या तळाची हिरवळ

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातल्या समिट काउंटीत डोंगर भरपूर आणि सपाट जमीन फार थोडी. या प्रकरणात पुढे जे जे येईल, ते सगळे या एका टंचाईतून निघाले आहे.

फ्रिस्को म्हटले की आज मराठी माणसाला टेक्सासमधले, डलासच्या उत्तरेचे फ्रिस्को आठवते. कोणाचा तरी भाऊ, कोणाची तरी मुलगी तिथे राहत असते. गोल्फशीही त्या गावाचे नाते आहे. 'पीजीए ऑफ अमेरिका' या संघटनेने २०२२ मध्ये आपले मुख्यालय तिथे हलवले. आपल्याला जायचे आहे ते फ्रिस्को मात्र कोलोरॅडो राज्यातले, रॉकी पर्वतातले. उंची ९,०९७ फूट, म्हणजे २,७७३ मीटर. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटरवर आहे. त्याच्याही वर अकराशे मीटर चढावे, तेव्हा या गावाचा मुख्य रस्ता लागेल. २०२० च्या जनगणनेत इथे २,९१३ माणसे होती. दक्षिणेला टेनमाइल रांग, वायव्येला गोर रांग आणि पूर्वेला डिलन जलाशय, एवढ्यात गाव संपते.

ज्या समिट काउंटीत हे गाव येते, तिथली सुमारे ८० टक्के जमीन केंद्र सरकारची आहे, बहुतेक वनखात्याची. तिथे कोणाला घर बांधता येत नाही. उरलेल्या जमिनीतला राहण्याजोगा भाग म्हणजे नद्यांच्या काठचे चिंचोळे पट्टे. रस्ता तिथूनच जातो, गाव तिथेच वसते, गुरांची कुरणेही तिथेच. अठरा होलच्या गोल्फ कोर्सला साधारण दीडशे एकर तरी लागतात. तेवढी सलग जागा फ्रिस्कोच्या हद्दीत कधीच नव्हती आणि आजही इथे अठरा होलचा कोर्स नाही. पण गावातून गाडीने अर्ध्या तासाच्या आत असे पाच कोर्स आहेत: किस्टोनला दोन, ब्रेकेनरिजला एक, कॉपर माउंटनला एक आणि सिल्व्हरथॉर्नला एक. पहिल्यापासून पाचव्यापर्यंत सगळे १९८० ते २००० या वीस वर्षांत झाले. त्याआधी शंभर वर्षे या दऱ्यांतून गोल्फ सोडून बाकी सगळे होऊन गेले होते.

सुरुवातीला इथे यूट लोक उन्हाळ्यात शिकारीला येत. १८५९ मध्ये ब्रेकेनरिजजवळ सोने सापडले आणि वीस-बावीस वर्षांत यूटांना इथून हुसकून पश्चिमेला युटाहच्या राखीव प्रदेशात नेण्यात आले. हेन्री रेसेन या स्वीडिश स्थलांतरिताने १८७३ च्या सुमारास फ्रिस्कोत पहिली लाकडी झोपडी बांधली. १८८० मध्ये गावाला नगराचा दर्जा मिळाला. १८८२ पर्यंत दोन रेल्वे कंपन्यांचे रूळ येऊन पोहोचले. पुढे खाणी संपल्या, मंदी आली आणि १९३० च्या आसपास गावात अठरा माणसे उरली.

ब्रेकेनरिजच्या बाजूला त्या काळाची खूण अधिक जड आहे. १८९८ पासून १९४२ पर्यंत तिथे सोने उपसणारे प्रचंड तरंगते ड्रेजर चालले. स्वतःच खणलेल्या तळ्यात तरंगत ते नदीचा तळ पोखरत पुढे सरकत, सोने काढून घेत आणि मागे गोट्यांचे ढीग टाकत जात. ब्लू आणि स्वान या नद्यांच्या काठची माती खाली गेली आणि दगड वर आले. मैलोन्‌मैल पसरलेले ते करडे ढीग आजही दिसतात. ज्या थोड्या जमिनीवर काही उगवले असते, तिचाच मोठा भाग असा उलटापालटा झाला.

आणि मग आले धरण. ब्लू, स्नेक आणि टेनमाइल या तिन्ही प्रवाहांच्या संगमापाशी जुने डिलन गाव होते. या परिसरातली सर्वांत ऐसपैस सपाटी तीच. पर्वताच्या पलीकडे वाढणाऱ्या डेन्व्हर शहराच्या पाणी मंडळाची नजर तिच्यावर फार आधीपासून होती. मंदीच्या काळात कर थकलेल्या जमिनी मंडळाने विकत घेतल्या. १९५६ मध्ये गावकऱ्यांना कळवण्यात आले की गाव सोडावे लागेल. १९६१ चा सप्टेंबर ही मुदत ठरली. काही घरे ओंडक्यांवरून आणि ट्रेलरवरून नव्या जागी नेण्यात आली, दफनभूमीही हलवावी लागली. १९६३ च्या सप्टेंबरात पाणी भरायला सुरुवात झाली.

हे वाचताना मराठी वाचकाच्या मनात कोयना आल्याशिवाय राहणार नाही, आणि ती यावीच. काळ एकच आहे. पोफळीला कोयनेची वीज सुरू झाली १९६२ मध्ये. डिलनचे पाणी डेन्व्हरकडे नेणारा रॉबर्ट्स बोगदाही १९६२ मध्येच पुरा झाला. युक्तीही एकच आहे, फक्त दिशा उलटी. कोयना पूर्वेला वाहणारी नदी. आपण तिचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला कोकणात सोडले. ब्लू नदी पश्चिमेच्या कोलोरॅडो नदीला मिळणारी. त्यांनी तिचे पाणी २३.३ मैल लांबीच्या बोगद्यातून पर्वतमाथ्याच्या खालून पूर्वेला नेले. डिलनची साठवण सुमारे ११ टीएमसी भरते, म्हणजे जवळजवळ एक पानशेत. ज्यांची घरे बुडाली त्यांना त्या पाण्याचा उपयोग नाही आणि ज्यांच्या नळाला ते येते त्यांनी ते गाव पाहिलेले नाही, हेही दोन्हीकडे सारखेच.

धरणाच्या कामावर आलेल्या मजुरांची वस्ती बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला उभी राहिली. काम संपल्यावरही ती उठली नाही. तिचेच पुढे सिल्व्हरथॉर्न झाले आणि १९६७ मध्ये तिला नगराचा दर्जा मिळाला. पुढे ज्या गोल्फ वसाहतीची गोष्ट येणार आहे ती याच मजुरांच्या गावाला येऊन चिकटली. हे लक्षात ठेवायला हवे, कारण आज तिथली घरे पाहून कोणाला ते खरे वाटणार नाही.

१९७३ मध्ये आयझेनहॉवर बोगद्याचा पहिला मार्ग खुला झाला आणि १९७९ मध्ये दुसरा. समुद्रसपाटीपासून ११,००० फुटांवरचा हा रस्त्याचा बोगदा होईपर्यंत डेन्व्हरहून इकडे यायचे तर लव्हलँड खिंडीचा अवघड घाट चढावा लागे. आता दीड तासात गाडी फ्रिस्कोत. ब्रेकेनरिजचे स्की केंद्र १९६१ चे, किस्टोनचे १९७० चे, कॉपर माउंटनचे १९७२ चे. बोगद्याने त्यांना गिऱ्हाईक दिले, पण फक्त हिवाळ्याचे. मे ते ऑक्टोबर हॉटेलांच्या खोल्या रिकाम्या, वर चढणारे पाळणे थांबलेले, नोकर घरी. कर्जाचे हप्ते मात्र बाराही महिने. उन्हाळ्यात लोकांना आणायचे कशासाठी, या प्रश्नाला त्या काळच्या अमेरिकेत एक तयार उत्तर होते, ते म्हणजे गोल्फ.

किस्टोनने पहिले पाऊल टाकले. सोडा क्रीकच्या खोऱ्यातल्या एका जुन्या गुरांच्या रँचवर रॉबर्ट ट्रेंट जोन्स ज्युनियर यांनी आखलेला कोर्स १९८० मध्ये सुरू झाला. रँचचे १९३० च्या दशकातले ओंडक्यांचे घर पाडले नाही. त्यात उपाहारगृह थाटले. किस्टोनचा दुसरा, नदीकाठचा कोर्स २००० मध्ये आला. कॉपर माउंटनला पीट डाय आणि त्यांचे चिरंजीव पेरी डाय यांनी ९,७०० फुटांच्या वर होल खणले. सिल्व्हरथॉर्नच्या उत्तर टोकाला, ब्लू नदीच्या पश्चिमेच्या उतारावर, 'ईगल्स नेस्ट' नावाचा कोर्स आणि त्याभोवती त्याच नावाची वसाहत याच ऐंशीच्या दशकात आकाराला आली. मागे गोर रांगेत ईगल्स नेस्ट नावाचेच शिखर आहे आणि त्या रांगेचा मोठा भाग १९७६ पासून अभयारण्यासारखा राखीव आहे. वसाहतीच्या मागच्या अंगणातून पाहिले तर त्या दिशेला पुन्हा कधी बांधकाम होणार नाही, याची ही कायद्याने दिलेली हमी होती. घर विकणाऱ्याला याहून मोठी जाहिरात कोणती मिळणार?

आता या व्यवहाराचे गणित मांडतो, कारण पर्वतातल्या गोल्फ क्लबचा इतिहास मला मुख्यतः या गणिताचाच इतिहास वाटतो. विकासक जमीन घेतो. मधोमध कोर्स आखतो. कोर्सला लागून जे भूखंड येतात त्यांना दुसऱ्या ठिकाणच्या भूखंडांपेक्षा बराच जास्त भाव मिळतो. समोर कोणी भिंत बांधणार नाही, नजर हिरवळीवरून थेट डोंगरावर जाईल, याचे ते पैसे असतात. अशा वसाहतींतले कितीतरी घरमालक स्वतः गोल्फ खेळतच नाहीत. ते मोकळ्या जागेची किंमत मोजतात. भूखंडांच्या पैशातून कोर्स उभा राहतो आणि सुरुवातीची वर्षे त्यातूनच गवत कापले जाते. पण भूखंड मोजकेच असतात. शेवटचा विकला गेला की विकासकाचे काम संपते. गवत मात्र पुढच्या उन्हाळ्यातही वाढते. त्याचा खर्च मग कोणी करायचा?

अमेरिकेत २००० सालच्या सुमाराला वर्षाला जवळजवळ चारशे नवे कोर्स उघडत होते आणि त्यांतला मोठा भाग अशाच घरबांधणीला जोडलेला होता. २००६ पासून चित्र उलटले. दरवर्षी उघडणाऱ्या कोर्सपेक्षा बंद होणारे जास्त. कोर्स बंद पडला की हिरवळीसाठी जास्त पैसे मोजलेल्यांच्या दारात रान माजते.

ईगल्स नेस्टचे तसे झाले नाही. जुन्या कोर्सच्या जागी त्याचा पार नवा अवतार २००० मध्ये आला: 'द रेव्हन अ‍ॅट थ्री पीक्स'. आखणी केली मायकेल हर्डझन आणि डेना फ्राय या जोडीने आणि त्यांच्या सोबत होते १९९६ च्या ब्रिटिश ओपनचे विजेते टॉम लेहमन. हर्डझन यांचे नाव इथे मुद्दाम घेतो. ते नुसते आखणीकार नाहीत. वनस्पतींच्या शरीरक्रियेवर त्यांनी पीएच.डी. केली आहे. या उंचीवर कोर्स करायला असाच माणूस हवा. इथे खेळाचे नियम तेच असले तरी निसर्गाचे नियम निराळे लागतात.

आधी चेंडूचे पाहू. नऊ हजार फुटांवर हवा समुद्रसपाटीच्या जेमतेम तीन चतुर्थांश दाट असते. हवेचा अडथळा कमी, म्हणून चेंडू लांब जातो. उंचीच्या प्रत्येक हजार फुटांमागे अंतर साधारण सव्वा टक्क्याच्या आतबाहेर वाढते. इथे ती वाढ दहा टक्क्यांच्या घरात जाते. मुंबईत २०० यार्डांवर पडणारा फटका इथे २२० यार्डांवर पडेल. पण त्याच विरळ हवेमुळे चेंडूला दिलेली फिरकीही नीट पकड घेत नाही, त्यामुळे त्याला हवेत वळवणे अवघड होते. कोर्स त्याच मानाने लांब करावे लागतात. रेव्हन सर्वांत मागच्या टीवरून, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेवरून मोजला तर ७,४०० यार्डांच्या पुढे जातो.

गवताची कथा याहून कठीण आहे. खेळाचा हंगाम मेच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, फार तर पाच महिने. जुलैतही पहाटे दहिवर गोठून गवतावर पांढरा थर बसू शकतो. गोठलेल्या पात्यावर पाऊल पडले तर आतल्या पेशी फुटतात आणि दोन दिवसांनी तिथे पावलाच्या आकाराचा तपकिरी डाग उमटतो. म्हणून ऊन पडून बर्फ विरघळेपर्यंत पहिल्या खेळाडूंना थांबवून ठेवतात. ऑक्टोबरात जमिनीखालच्या सगळ्या पाइपांत दाबाने हवा सोडून पाण्याचा थेंब न्‌ थेंब बाहेर काढावा लागतो, नाहीतर तो आत गोठून पाइप फोडतो. त्यानंतर कोर्स सहा-सात महिने बर्फाखाली जातो. त्या अंधारात दोन जातींच्या बुरश्या वाढतात, एक करडी, एक गुलाबी. त्यांच्यासाठी पहिल्या मोठ्या हिमवृष्टीच्या आधी बुरशीनाशक मारून ठेवावे लागते. आणि बुरशीहून भीती असते ती बर्फाच्या घट्ट पापुद्र्याची. मधेच ऊन पडून हिम वितळले आणि पुन्हा गोठले, तर गवतावर काचेसारखा थर बसतो, आत हवा जात नाही आणि गवत गुदमरून मरते. वसंतात बर्फ हटल्यावर कोणती ग्रीन, म्हणजे होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, जिवंत निघेल, हे तोपर्यंत कोणालाच सांगता येत नाही. ही कामे करणाऱ्या माणसांबद्दल गोल्फच्या पुस्तकांत फार थोडे लिहिलेले असते. आखणीकाराचे नाव फलकावर लागते. मार्च महिन्यात फावडे घेऊन ग्रीनवरचा बर्फ फोडणाऱ्याचे लागत नाही.

या गवताला पाणी लागते आणि कोलोरॅडोत पाणी ही जमिनीसोबत आपोआप मिळणारी वस्तू नाही. १८७६ च्या राज्यघटनेपासून तिथे तत्त्व आहे ते आधी येणाऱ्याच्या आधीच्या हक्काचे. ज्याने प्रथम पाणी उचलून उपयोगात आणले त्याचा हक्क वरचा. तुमच्या जमिनीला लागून नदी वाहते म्हणून तुम्हाला त्यातला एक लोटाही मिळेल असे नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याचा पाट हा १९८५ च्या गोल्फ क्लबच्या पुढे उभा असतो. नव्याने येणाऱ्याला जुने हक्क विकत घ्यावे लागतात किंवा आपण वापरले तेवढे पाणी दुसरीकडून नदीत परत सोडण्याची सोय दाखवावी लागते. म्हणूनच या दऱ्यांतले कोर्स बहुधा जुन्या कुरणांच्या जागी दिसतात. रँच विकत घेतला म्हणजे सपाटी आणि तिच्यासोबतचा पाण्याचा हक्क अशा दोन्ही गोष्टी एका सहीत हाती येतात.

अशा गोल्फ वसाहतीतले जगणेही कराराने बांधलेले आहे. घर घेतले की तुम्ही घरमालकांच्या संघाचे सभासद होता, ते ऐच्छिक नसते. आपल्याकडच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेशी याचे साम्य आहे, पण हात अधिक लांब. छपराचा रंग, भिंतीचे लाकूड, अंगणातला दिवा, कुंपण घालता येईल की नाही, सगळ्याला समितीची मंजुरी. कोलोरॅडोत अशा संघांसाठी १९९२ पासून स्वतंत्र कायदा आहे. हे नियम बाहेरच्याला जाचक वाटतात. पण दरीचा देखावा हीच जिथे विकलेली वस्तू आहे, तिथे शेजाऱ्याच्या छपराचा रंग हा खरोखर तुमच्या मालमत्तेचा भाग होतो.

आगीच्या बाबतीत मात्र आधीपासून पाळलेल्या शिस्तीचे मोल निर्विवाद आहे. २००० नंतरच्या दशकात एका लहानशा भुंग्याने इथली लॉजपोल पाइनची जंगले जाळल्यासारखी लाल करून टाकली. लाखो झाडे उभ्याउभ्या वाळली. १२ जून २०१८ रोजी सिल्व्हरथॉर्नच्या वर, बफेलो डोंगराच्या पायथ्याशी वणवा लागला आणि सुमारे चौदाशे घरे रिकामी करावी लागली. वस्ती आणि जंगल यांच्यामध्ये आधीच झाडे तोडून मोकळे पट्टे राखलेले होते. आग त्या पट्ट्यांपाशी अडली आणि एकही घर जळले नाही.

ब्रेकेनरिजने गवताच्या खर्चाचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आणि मला हा मार्ग सर्वांत विचारपूर्वक वाटतो. तिथला कोर्स गावाच्या मालकीचा आहे. जॅक निकलॉस यांच्याकडून १९८५ मध्ये अठरा होल आणि २००१ मध्ये आणखी नऊ होल नगरपालिकेने करून घेतले. शेजारी घरांची वसाहत आहेच, पण कोर्स तिच्या दावणीला बांधलेला नाही. हिवाळ्यात त्याच कोर्सवर सपाटीच्या स्कीचे मार्ग आखले जातात. त्यामुळे जागा बारा महिने कामात येते आणि खर्चाचा वाटा बर्फावरही पडतो.

आपल्याकडच्या दोन जागा या संदर्भात आठवतात. गुलमर्गचा कोर्स साधारण याच उंचीवर, २,६५० मीटरवर आहे. त्याच्या कडेने भूखंड विकले गेले नाहीत, म्हणून तिथे कुरण आणि कोर्स यांच्यात फारसा भेद उरत नाही. दुसरी जागा लोणावळ्याजवळची अ‍ॅम्बी व्हॅली. सह्याद्रीच्या माथ्यावर बंगले, तळी आणि अठरा होलचा कोर्स, सगळे एकाच उद्योगसमूहाच्या हातात. गुंतवणूकदारांचे पैसे परत मिळावेत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये त्या मालमत्तेच्या लिलावाचा आदेश दिला. घर, रस्ता, पाणी आणि हिरवळ या साऱ्यांचा धनी एकच असला की त्याच्या ताळेबंदातली भेग प्रत्येक अंगणापर्यंत जाते. तिथल्याच मुळशी तालुक्यात ज्यांनी डोंगरातली घरे घेतली आहेत किंवा घेण्याच्या विचारात आहेत, त्यांनी सिल्व्हरथॉर्न आणि ब्रेकेनरिज यांच्यातला फरक नीट पाहावा असे मला कळकळीने वाटते.

राहता राहिला प्रश्न माणसांचा. समिट काउंटीतली निम्म्याहून अधिक घरे वर्षभर राहणाऱ्यांची नाहीत. सुट्टीची, गुंतवणुकीची किंवा पर्यटकांना भाड्याने देण्याची आहेत. गवत कापणारा, रस्त्यावरचा बर्फ हटवणारा, शाळेत शिकवणारी, दवाखान्यात रात्रपाळी करणारी, यांना त्याच दरीत छप्पर मिळेनासे झाले. ज्या सपाटीवर त्यांची घरे झाली असती ती महाग होत गेली. ही अडचण गावांनी ओळखली आणि हळूहळू हात घातला. ब्रेकेनरिजने फ्रेंच गल्चमधल्या ड्रेजरने उलट्यापालट्या केलेल्या दगडांच्या जमिनीवर स्थानिक कामकऱ्यांसाठी वेलिंग्टन ही वस्ती होऊ दिली. अनेक दशके टाकाऊ पडलेली जमीन अशी कामाला आली. फ्रिस्कोने आपल्या मालकीच्या जागेवर पीक वन ही सुमारे सत्तर घरांची वस्ती उभी केली. तिथे घर घ्यायचे तर काउंटीत नोकरी हवी आणि विकताना भाव मर्यादेत ठेवावा लागतो. २०२२ मध्ये फ्रिस्कोने पर्यटकांना अल्पमुदतीने भाड्याने देता येणारी घरे गावातल्या एकूण घरांच्या २५ टक्क्यांवर रोखली. आणि सिल्व्हरथॉर्नने, रेव्हनच्या हिरवळीपासून फार दूर नाही अशा जागी, स्मिथ रँच या जुन्या कुरणाच्या जमिनीवर दोनशेच्या वर घरांची वस्ती आखली, ती केवळ इथे राहून इथेच काम करणाऱ्यांसाठी.